ब्लॉकचेनला माती दिसत नाही

मातीचा कस वाढवणारी शेती गटाने करावी आणि तिच्या नोंदी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांकडे एकसारखी प्रत असलेल्या डिजिटल नोंदवहीत, ठेवायला शेतकऱ्यांनीच शिकावे, या कल्पनेवरून महाराष्ट्रातल्या माझ्या परिचितांमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाला वाटते की त्यामुळे युरोपातला ग्राहक निर्धास्त होईल. दुसऱ्याला हे नवे खूळ वाटते. नेदरलँड्समध्ये राहून तोच ग्राहक झालेल्या मला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटते.

केलेली नोंद मागाहून कोणी गुपचूप बदलू नये, एवढीच हमी ब्लॉकचेन देते. ती मुळात खरी होती का, हे तिला कळत नाही. मातीतल्या सेंद्रिय कर्बाचेच पाहा. एकाच वावरात बांधालगतचा आणि मधला नमुना वेगवेगळा आकडा देतो, माती १५ सेंटिमीटरपर्यंतची घेतली की ३०, यावरही तो बदलतो आणि खरी वाढ दिसायला वर्षे जातात. मातीच्या कार्बन क्रेडिटचा, म्हणजे मातीत कर्ब साठवल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचा, हिशेब मात्र याच आकड्यावर उभा असतो.

इथे बॉक्स्टेलमध्ये सुरू झालेल्या 'हेरेनबूरेन' पद्धतीत सुमारे २०० कुटुंबे भांडवल घालून शेताची सहमालक होतात आणि पगारी शेतकरी नेमतात. खाणारा स्वतः शेतात जाऊन पाहू शकत असल्याने तिथे ब्लॉकचेनवाचून काही अडत नाही. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ही सोय नाही, हे खरे. पण अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या 'ग्रेपनेट' या संगणकप्रणालीने बागेची नोंदणी, रासायनिक अंशांची तपासणी आणि निर्यात यांची साखळी ब्लॉकचेनचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधी जुळवली, हे आपले तंत्रप्रेमी का विसरतात कोण जाणे.

खरी अडचण गावातच आहे. 'पीजीएस-इंडिया' या सहभागी प्रमाणीकरणात किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. कल्पना उत्तम आहे, पण चुलतभावाने तणनाशक मारले हे त्याच्यासमोर कागदावर लिहायचे धाडस किती जण करतील?

शेतकरी कंपनी, प्रयोगशाळा, खरेदीदार आणि कार्बन क्रेडिट विकणारी संस्था यांचा एकमेकांवर विश्वास नसेल, तर नोंदीची प्रत प्रत्येकाकडे असण्यात शेतकऱ्याचा फायदा आहे, आणि प्रशिक्षण द्यायचे ते यासाठीच. पहिला हंगाम नमुने घेण्यात आणि शेजाऱ्याचे शेत निःसंकोच तपासण्यात जावा. मग नोंदींवर हक्क कोणाचा आणि क्रेडिटच्या पैशातला वाटा किती, ही करारातली कलमे वाचायला शिकवावीत. टोकन आणि वॉलेट, म्हणजे ब्लॉकचेनवरची डिजिटल नाणी आणि ती ठेवायचे पाकीट, मागाहून आले तरी चालेल. मात्र नोंदीत जमिनीचा गट क्रमांक चुकला तर जुनी नोंद खोडता येत नाही, दुरुस्तीची नवी जोडावी लागते, एवढे पहिल्याच दिवशी सांगावे.