मेबलची वसुली

पतसंस्थेत ३२ वर्षं वसुली केल्यावर माणसाला एक विद्या येते. घरात कोणी आहे की नाही, हे बाहेरून कळतं. उंबऱ्याजवळच्या चपला घाईने आत ओढलेल्या असतात, रेडिओ मध्येच बंद पडतो, आणि "बाबा गावाला गेलेत" असं सांगणारं पोरगं सांगण्याआधी एकदा मागे वळून बघतं. एवढी विद्या पदरी असून माझी वसुलीची टक्केवारी कधी साहेबांच्या डोळ्यांत भरली नाही. त्याचं कारण मला निवृत्तीनंतर तीन वर्षांनी कळलं. इंग्लंडात, नॉरफक परगण्यातल्या थेटफर्डजवळच्या एका शेताच्या बांधावर, ओल्या काटेरी वेलींत गुडघे रोवून बसलेलो असताना. ते सांगणारी मेबल होती. वजन पाऊण किलो.

आम्ही मुलीकडे गेलो ते हिवाळ्यात. त्या दिवसांत विमानाचं तिकीट स्वस्त का असतं, हे आम्ही विचारलं नव्हतं. मुलगी आणि जावई सकाळी कामाला जात, बायको खिडकीतून पाऊस बघे आणि मी कुंपणापाशी उभा राहून शेजारच्या म्हाताऱ्याशी बोले. म्हातारा ऐंशीच्या घरातला, सगळा जन्म शेतावर राबलेला. एकदा त्याने विचारलं, "तुम्ही काय काम करायचात?" वसुली अधिकारी याचं इंग्रजी मला ऐनवेळी सुचेना. म्हटलं, "लोक आत दडून बसतात. मी त्यांना बाहेर काढायचो."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "मीही तेच करतो!" तो म्हणाला. "रविवारी सकाळी सातला निघतोय."

गोष्ट इथेच मिटली असती. पण आपण निरोप घेताना "येतो" म्हणतो ना, त्याचं मी सवयीने इंग्रजी केलं: "आय विल कम." आपल्याकडे येतो म्हणजे जातो. त्याने ते खरं धरलं.

"अहो, कुठे जायचंय रविवारी?" बायकोने विचारलं.

"ससे धरायला. बिळातले."

"ससा कुठे बिळात राहतो?" म्हणाली. आणि मग जरा थांबून, "आणि तुम्ही धरणार? तुम्हाला एक जामीनदार धरता आला नाही."

पहिल्या प्रश्नात ती बरोबर होती. आपला रानातला ससा बीळ खणत नाही, झुडपाच्या आडोशाला अंग चोरून बसतो. इंग्लंडातला रॅबिट हा निराळा प्राणी; तो जमिनीखाली दहा-वीस दारांचा वाडा बांधून भाऊबंदांसकट राहतो. मराठीने दोघांना एकच नाव दिलं, त्याला मी काय करणार? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी सकाळी म्हाताऱ्याने परसातल्या खुराड्यातून तीन फेरेट काढले. मेबल आणि डेझी या माद्या, मेजर हा नर. यांच्या भाषेत मादी म्हणजे जिल आणि नर म्हणजे हॉब. मुंगसासारखा लांबुडका देह, त्याला रंग मळक्या दुलईचा आणि वास भिजलेल्या गोणपाटाचा. पण हे मुंगूस नव्हे. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाळवून दोन हजार वर्षांपूर्वीच हा तयार केला. कुळ पाहाल तर आपल्या पाणमांजराचं. फेरेट या नावाच्या मुळाशी लॅटिनमधला चोर आहे. दिवसातले चौदा-पंधरा तास हा चोर झोपतो. मला तेव्हाच आपलेपणा वाटायला हवा होता.

"बोट पुढे करू नका, मूठ करा," म्हातारा म्हणाला. पण तोवर मी बोट पुढे केलेलं होतं. बोट पुढे करून बोलणं हा आमचा धंदाच: "महिनाअखेर भरणार ना?" फेरेटची नजर अधू, सगळी भिस्त नाकावर. सकाळी मी बोटांनी ऑम्लेट खाल्लं होतं. मेबलने बोटाचा वास घेतला, मग बोटच घेतलं, आणि तोंडात धरून विचार करत बसली. आपण ओढलं की ती आणखी घट्ट धरते. म्हातारा शांतपणे म्हणाला, "तिला ठरवू द्या." तिने सावकाश ठरवलं.

निघण्याआधी त्याने तिघांना मांसाचे तुकडे खाऊ घातले. मला हे उलटं वाटलं. शिकारीला न्यायचं जनावर उपाशी नको का? म्हाताऱ्याने मान हलवली. पूर्वीचे काही लोक तसंच करत, म्हणाला; उपाशी फेरेट आत जातो, ससा मारतो, तिथेच खातो आणि तिथेच झोपतो. आपण वर थंडीत उभे. ससा मारणं हे फेरेटचं कामच नव्हे. त्याने फक्त आत जायचं. त्याचा वास आला की ससा आपल्या पायांनी बाहेर पळतो.

मी तिथे, त्या चिखलात, क्षणभर हलेना. पगार थकवलेला वसुली कारकून जमा केलेली रक्कम तिथेच खातो, हे आमच्या संचालक मंडळाला कळायला दोन कारकून आणि एक चौकशी समिती लागली होती.

शेताच्या मालकाला ससे नको होते. कोवळा गहू बांधापासून आत दहा पावलं कुरतडून साफ केलेला. १९५४ च्या कायद्याने सशांना आवर घालणं ही जमीन वापरणाऱ्याचीच जबाबदारी आहे, त्यामुळे म्हाताऱ्याला सगळीकडे मोकळं रान. बांधाच्या उतारावर बिळंच बिळं. म्हाताऱ्याची लर्चर, म्हणजे शिकारी संकराची, कुत्री एकेका बिळापाशी जाऊन मान वाकडी करून ऐके. काही बिळांवरून सरळ पुढे जाई, काहींपाशी खिळून उभी राही. कोण घरात आहे, हे सांगणारी ही आमची पोलीस पाटील.

मग म्हाताऱ्याने पिशवीतून जाळी काढली. मीटरभर लांबीचं जाळं, कडेने ओवलेली नाडी, नाडीच्या टोकाला खुंटी. बिळाच्या तोंडावर पसरून खुंटी ठोकायची. ससा आतून धडकला की नाडी आवळून बटवा तयार. सतरा बिळं, सतरा जाळी. सगळ्या दारांना जाळी लागेपर्यंत मेबल पेटीतच.

माझी टक्केवारी का वाढली नाही, ते मला इथे कळलं. आम्ही ३२ वर्षं पुढचंच दार वाजवत आलो. आम्ही कडी वाजवायची, आत "आले, आले" म्हणायचं, आणि कर्जदाराने परसदारातून केळीच्या बागेत उतरायचं. परसदारी एक शिपाई उभा करावा, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी त्याचा प्रवासभत्ता मंजूर झाला नसता.

मेबलच्या गळ्यात लोकेटरचा, म्हणजे ती जमिनीखाली कुठे आहे हे वर कळवणारा, पट्टा बांधला. म्हाताऱ्याने एका बिळाकडे हात केला. तिने हाताकडे बघितलं, बिळापर्यंत गेली, हुंगलं आणि परत फिरली. मी दुसऱ्या बिळाकडे बोट केलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं शाखाधिकारी उमेदवारीवरल्या पोराकडे बघतो. घरी आल्यावर जावयाने सांगितलं की २०१२ साली हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलंय. माणसाने बोट दाखवलं की पाळीव फेरेट कुत्र्याइतकंच बरोबर ओळखतो, आणि परक्यापेक्षा मालकाच्या नजरेला जास्त वेळ नजर देतो. मी परका होतो, त्यामुळे माझं मार्गदर्शन दप्तरी दाखल.

पण बीळ रिकामं असेल तर मालकाने सांगूनही अनुभवी फेरेट आत जात नाही, हे मला जास्त आवडलं. अमेरिकेत शिकागोजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत १९७१ साली फेलिशिया नावाची एक फेरेट नळ्या साफ करायला ठेवली होती. अंगाला दोरी बांधून ती नळीतून पलीकडे जाई, मग त्या दोरीने बोळा ओढायचा. लहान नळ्यांचं काम तिने चोख केलं, मुख्य यंत्राच्या वर्तुळाकार मैलोगणती नळीत मात्र शिरली नाही. आम्हाला वरून यादी यायची आणि आम्ही मयत कर्जदाराच्या दारीसुद्धा जाऊन यायचो.

चौथ्या बिळात मेबल नाहीशी झाली. म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. आता बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. वर माणूस आहे हे कळलं तर ससा आतल्या फेरेटपेक्षा बाहेरच्या माणसाला जास्त भितो. बोलायचं नाही म्हटल्यावर मराठी माणसाने करायचं काय? मी इतिहास आठवत बसलो. थेटफर्डच्या वॉरनमध्ये, म्हणजे ससे पाळायच्या राखीव रानात, सशांच्या राखणदाराचं दगडी घर अजून उभं आहे, १४०० च्या सुमाराचं, भिंती किल्ल्यासारख्या. तेव्हा ससा ही मठाची मालमत्ता आणि श्रीमंतांचं खाणं. १३९० च्या कायद्याने वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्याला फेरेट बाळगायचीही बंदी होती. त्याच्याही आधी, रोमन काळात, स्पेनजवळच्या बॅलेरिक बेटांवरच्या लोकांनी सशांना कंटाळून सम्राट ऑगस्टसकडे चक्क फौज मागितली. स्ट्रेबो नावाचा ग्रीक लिहून गेलाय की त्या भागात एक मांजरासारखा प्राणी तोंडाला मुसकी बांधून बिळात सोडत. आत जायचं, पण तोंड बांधून. मला आमची ऑडिट खात्याला सामोरं जायची पद्धत आठवली.

तेवढ्यात पायाखालून "धप्प" आवाज आला. ससा मागचे पाय आपटून घरच्यांना सावध करतो. मग एकदम तीन जाळ्यांचे तीन बटवे झाले. म्हातारा त्याच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने एकावरून दुसऱ्यावर गेला. माना मोडायचं काम त्याने पाठ करून केलं, माझ्यासाठी असावं. माझ्याकडे एकच जाळं सोपवलेलं होतं. ते हललं की त्यावर पडायचं. ते हललं. मी पडलो. खाली काहीच नव्हतं. वाऱ्याने हललं होतं. त्याच क्षणी माझ्या डोक्याशी, वेलींच्या आड कोणालाच न दिसलेल्या अठराव्या बिळातून एक ससा निघाला आणि गव्हातून सुटला. म्हातारा काहीतरी अस्सल नॉरफकी बोलला. मला मात्र, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मेबल बाहेर आली तेव्हा तिच्या नखांत सशाचे केस होते. म्हाताऱ्याने ते बघून आतला पंचनामा वाचून दाखवला: बोगद्याच्या बंद टोकाला एक ससा तिच्याकडे पाठ करून बसलाय. मान भिंतीकडे, ढुंगण दाराकडे. ती पाठ ओरबाडते, तो हलत नाही. माझे सगळे मोठे थकबाकीदार याच जातीचे होते. लहान कर्जदार आमचा वास आला की पळायचे. मोठे पाठ करून बसायचे आणि आम्ही त्यांच्या पाठीवर नोटिसा खरडायचो.

मेबल पुन्हा आत गेली. दहा मिनिटं झाली, पंधरा, वीस. बोटं बधिर. म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला आणि लोकेटरची डबी जमिनीवरून फिरवली. एका जागी टकटक वाढली.

"चार फूट," म्हणाला आणि फावडं माझ्याकडे दिलं.

"इथली माती रेताड आहे, सोपं जातं," हे वाक्य त्याने पहिल्या फुटाला म्हटलं, दुसऱ्या फुटालाही म्हटलं. तिसऱ्या फुटाला गारगोट्या लागल्या तेव्हा तो गप्प होता. शेवटचा फूट हाताने उकरायचा, फेरेटला फावडं लागू नये म्हणून. माझ्या हाताला आधी थंडगार सशाचे केस लागले, मग कोमट काहीतरी. मेबल सशाच्या अंगावर मान टाकून गाढ झोपलेली होती. उजेड पडल्यावर तिने एक डोळा उघडला, जांभई दिली, आणि सकाळी चावलेलं तेच बोट हुंगलं. या वेळी चावली नाही. म्हातारा तिच्यावर रागावलासुद्धा नाही. "आत काय झालं ते तिलाच ठाऊक," एवढंच म्हणाला आणि तिला सदऱ्यात घातलं.

निघताना त्याने दोन ससे माझ्यापुढे धरले. घरी संकष्टी होती. "आत्ता नको," मी म्हणालो.

घरी येऊन मी न्हाणीघराची कडी लावली आणि टबात कढत पाणी सोडून मानेपर्यंत आत शिरलो. दहा मिनिटं झाली असतील. खालून दार उघडल्याचा आवाज आला, मग किंकाळी. "आत्ता नको" म्हणजे "नंतर चालेल" असं धरून म्हातारा ससे मागच्या पायांनी बांधून दाराच्या मुठीला अडकवून गेला होता.

जिन्यावर पावलं वाजली. कडी वाजली.

"अहो! दाराला काय लटकलंय ते? आत आहात ना?"

मी टबात कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं आणि श्वास रोखून धरला. त्या न्हाणीघराला परसदार नव्हतं.