लॉग वाचणं म्हणजे कमीपणा

साडेसातच्या बदलापूर लोकलला लोंबकळत घरी आलात, जेवलात, आणि उद्या प्रेझेंटेशन आहे म्हणून आजच लिनक्सचं अपडेट मारलंत, छान केलंत, याहून चांगला मुहूर्त नव्हता. आता रीस्टार्टनंतर काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय ना? मग ऐका.

लॉग, म्हणजे काय घडलं आणि काय चुकलं याची मशीनने स्वतःच लिहिलेली नोंदवही, अजिबात वाचायचा नाही. बिचारी मशीन व्हार-लॉग फोल्डरमध्ये नाहीतर होममधल्या (म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या) डॉट लोकलच्या पोटात एक्सऑर्गची, म्हणजे पडद्यावर खिडक्या-चित्रं दाखवणाऱ्या एक्स या प्रोग्रॅमची, फाईल लिहून ठेवते, चुकलेल्या ओळीवर कंसात डबल ई पण छापते, मास्तरांनी लाल पेनाने गोल करावा तसं, पण आपण काय शाळेत आहोत का? कंट्रोल ऑल्ट एफ थ्री दाबलं तर बहुतेक वेळा साधं लॉगिन मिळतं आणि तिथून दुरुस्ती करता येते, म्हणूनच ते दाबू नका. पॉवरचं बटण दाबून धरा. परत धरा.

लॉगिनचं पान आलं, पासवर्ड बरोबर, तरी फिरून तेच पान? मग सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने, एक्स सुरू करणारी स्टार्टएक्स कमांड मारा. त्याने तुमच्या होममधली एक्सऑथॉरिटीची, म्हणजे एक्समध्ये शिरायच्या परवान्याची, फाईल रूटच्या नावावर होऊ शकते, म्हणजे खोली तुमची आणि भाडेपावती भलत्याच्याच नावावर, पागडीवाल्यांना समजावून सांगायला नको. फाईलचा मालक बदलणाऱ्या चाऊन कमांडच्या एका ओळीत सुटतं म्हणे ते. एका ओळीत सुटलं तर रात्रभर करणार काय?

शिव्या एक्सला घाला. १९८४ साली एमआयटीत जन्मलेलं पोरगं, १९८७ पासून अकरावीतच (आवृत्ती अकरा, म्हणून एक्स-इलेव्हन) बसलंय. त्याची जागा घ्यायला वेलँड त्याच्यामागून २००८ ला आलं, त्यालाही दोन घाला.

अपडेटने आलेल्या नवीन कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिल्डच झाला नसेल तर ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या यादीतून, जुना कर्नल निवडून काम भागतं, पण तुम्ही शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा (कागदावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर कुणी सांगणार नाही) आणि नवीन कार्ड घ्या. ड्रायव्हर तोच लागेल, पण बॉक्स छान असतो.

आणि शेवटी रीइन्स्टॉल. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा जसंच्या तसं, कारण होम वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, होतं आणि हुशारीने मी ते जपून ठेवत होतो. चौथ्यांदा पेनड्राईव्ह लावला तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, डिस्कवर जागा किती उरली ते एकदा डीएफ मारून तर बघा." होम शंभर टक्के भरलेलं, टाचणीला जागा नाही, मग डेस्कटॉप उघडणार कुठे. कशाने भरलं म्हणाल तर डॉट एक्ससेशन एरर्स नावाच्या लॉगनेच, आत एकच ओळ, पुन्हा पुन्हा, महिनोन्महिने.

काय ओळ होती विचारू नका. फाईल न वाचताच उडवली.