ज्यात काहीच नाही असं काहीतरी द्या

फिशटँक गळायला लागला की तो मालकाला कळवत नाही, खालच्या मजल्यावरच्यांना कळवतो. आमच्या खालच्या वहिनी वर आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमचे मासे आमच्याकडे राहायला यायच्या बेतात आहेत." दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. काठोकाठ भरली तर साधारण 85 लिटर पाणी, म्हणजेच 85 किलो. माझ्यापेक्षा वजनदार, आणि घरात मान विचाराल तर तोही माझ्यापेक्षा जास्त.

मासे आंघोळीच्या बादलीत गेले, सोबत त्यांचा एअर पंप गेला. घरातली माणसं तांब्यावर आली. त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. मी एक दिवस गिझर बंद ठेवला असता तर काय झालं असतं, ते असो.

मराठी घरात गळती म्हटली की पहिला उपाय एम-सील. तिसऱ्या मजल्यावरचे काका ते खिशात घेऊनच आले. "अरे, बाहेरून थापून दे, दहा मिनिटांचं काम." काकांना मी समजावायचा प्रयत्न केला. पाण्याच्या दाबानं काच किंचित फुगते. काचा जोडणारं रबरासारखं सिलिकॉन तिच्याबरोबर ताणलं जातं, एम-सील जागचं हलत नाही. शिवाय बाहेरून काही लावलं तर आतलं पाणी त्याला ढकलून काढणार. सांधायचं ते आतून. काका म्हणाले, "मग पूर्वी कसं चालायचं?" पूर्वी, म्हणजे 1951 साली मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं त्या सुमारास, घरगुती टाक्या लोखंडी चौकटीत पुटीनं काचा बसवून करत. चौकट गंजायची, पुटी सुकून तडकायची. पूर्वीही गळायचंच, फक्त खाली वहिनी राहत नव्हत्या.

तर सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. "शेठ, फिशटँकसाठी सिलिकॉन द्या." शेठनं फळीवरून सगळ्यात महागाची ट्यूब काढली आणि काउंटरवर उभी केली. "हे घ्या साहेब. बाथरूम-किचन स्पेशल. बुरशी लागणार नाही, शेवाळ धरणार नाही, वास नाही."

हे ऐकून कुठलाही सज्जन गृहस्थ पाकीट काढेल. पण माशांच्या दृष्टीनं या जाहिरातीचा अर्थ निराळा आहे. बुरशी लागू नये म्हणून सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेलं असतं. एकेकाळी त्यात आर्सेनिकयुक्त संयुगंही वापरत. बाथरूमच्या कोपऱ्यात ते आपलं काम चोख करतं. टाकीत मात्र ते हळूहळू पाण्यात उतरत राहतं, आणि बुरशीला मारणारं औषध गप्पीला किंवा कोळंबीला ओळखीतलं म्हणून सोडत नाही.

"शेठ, बुरशीनाशक नसलेलं द्या."

"मग हे घ्या. ॲक्रिलिक आहे, वर रंगही देता येतो."

"रंग नको. साधं, शंभर टक्के सिलिकॉन. आंबट वासाचं."

शेठनं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. बिनवासाचं मिळत असताना वासाचं मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं. हा वास व्हिनेगरचा, म्हणजे ॲसिटिक ॲसिडचा. साधं ॲसिटिक सिलिकॉन वाळताना ते बाहेर सोडतं आणि पुरतं वाळलं की प्रकरण मिटतं. बिनवासाच्या न्यूट्रल सिलिकॉनमधून दुसरं काही बाहेर पडतं, कशातून ऑक्झिम, कशातून अल्कोहोल. त्यातही माशांना चालणारी असतात, पण तसं ट्यूबवर छापलेलं हवं. आणि नुसत्या नाकावर विसंबूनही भागत नाही. बाथरूमवालं सिलिकॉनही पुष्कळदा आंबटच असतं, वर बुरशीनाशक घातलेलं. म्हणजे शेवटी वाचायलाच लागतं.

आता ट्यूबवरची अक्षरं. 'प्रीमियम' हा शब्द रस्त्यापलीकडून दिसतो. 'मत्स्यालयासाठी वापरू नये' ही ओळ वाचायला मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरावा लागतो. मुदतीची तारीख त्याहून खाली, बरोबर किमतीच्या स्टिकरखाली. ती बघायचीच, कारण मुदत उलटलेलं सिलिकॉन वाळतच नाही, नुसतं चिकट राहतं. मी एकेक ट्यूब फिरवून वाचत होतो आणि मागे खिळे घ्यायला आलेल्यांची रांग लागली होती. "ह्यात काय काय आहे?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकांची शेठना सवय होती. "ह्यात काय काय नाही?" म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं. अखेर मागच्या फळीवरून धूळ बसलेली एक ट्यूब निघाली. पारदर्शक, ॲसिटिक, बुरशीनाशक नाही, 'मत्स्यालयासाठी योग्य' असं स्पष्ट छापलेलं, आणि सगळ्यांत स्वस्त. शेठचा चेहरा पडला.

पुढचं काम नुसतं कंटाळवाणं. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, म्हणून आतली जुनी पट्टी ब्लेडनं सगळीकडून खरवडायची, काच ॲसिटोननं पुसायची, मास्किंग टेप लावायची आणि ट्यूब दाबणारी गन न थांबता ओढायची. साय धरायच्या आत टेप काढायची.

मजा नंतरची. "पावसाळ्यात कसलं वाळतंय ते!" असं काका म्हणाले, तर उलट सिलिकॉन वाळतं तेच हवेतल्या ओलाव्यावर. जुलै महिन्यात आमच्या घरात चड्ड्या-बनियन वाळत नव्हते, सिलिकॉन मात्र दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच्या हिशेबानं शिस्तीत वाळत होतं. तरी आतपर्यंत पोचायला आठवडा द्यावाच. तो आठवडा सगळं घर आंबट झालं होतं. आईनं लोणच्याच्या बरण्या उघडून उघडून पाहिल्या. आलेल्या पाहुण्यांनी "आज चायनीज वाटतं!" म्हणून पानं वाढायची वाट पाहिली.

वास गेला, टाकी नुसत्या पाण्यानं भरून खाली वर्तमानपत्र पसरलं, दोन दिवस ते कोरडं राहिलं. मासे परत गेले, बादली मोकळी झाली. काका पाहणीला आले आणि काचेवरून बोट फिरवून म्हणाले, "झकास! उरलेली ट्यूब दे की. आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात लावतो."

"काका, ही नका लावू. हिच्यात बुरशीनाशक नाही, चार महिन्यांत काळं पडेल. तुम्हाला ती महागाची हवी."

दोघं मिळून दुकानात गेलो. शेठनं ती बाथरूम-किचन स्पेशल काढली, काउंटरवर उभी केली आणि काकांना सोडून माझ्याकडे बघत म्हणाले, "मी पहिल्यांदा काय दिलं होतं साहेब?"