पाचवा आलेला योहानेस रुंगे

ऑलिम्पिकच्या जुन्या निकालांत मी पदकांच्या खालची नावं वाचतो. सवयच आहे. १९०४, सेंट लुईस, ८०० मीटर. पहिले चारही अमेरिकन. पाचवा योहानेस रुंगे, जर्मनी. १५०० मीटरलाही अगदी तेच, चार अमेरिकन आणि मग हा. दोन्ही शर्यती जिंकणारा जेम्स लाइटबॉडी सगळ्यांना माहीत. ८०० मध्ये तिसरा आलेला ब्राइटक्रॉइट्झ नावाने अस्सल जर्मन, पण धावला अमेरिकेकडून. समुद्र ओलांडून आलेला रुंगे मात्र दोन्ही वेळा बिगर-अमेरिकनांत पहिला येऊनही या दोन शर्यतींतून पदकाविना परतला. खर्च आणि अंतर बघून युरोपातले बहुतेक खेळाडू तिकडे फिरकलेच नव्हते, हेही लक्षात घ्या.

रुंगे ब्राउनश्वाइगचा. आइनट्राख्ट क्लबकडून धावायचा आणि फुटबॉलही खेळायचा. तेव्हा ही दोन वेगळी माणसं नसत. मैदान एक, पोरं तीच. हा क्लब १८९५ साली निघाला तो ‘फुटबॉल आणि क्रिकेट क्लब’ म्हणून. हो, क्रिकेट. जर्मनीत.

गावही साधं नाही. १८७४ मध्ये इथल्याच एका शाळेत कॉनराड कॉख या मास्तरांनी आणि त्यांचे सहकारी आउगुस्ट हेर्मान यांनी इंग्लंडहून आलेला चेंडू मुलांपुढे टाकला. पुढच्या वर्षी कॉखने नियम छापले. तो खेळ आजच्या फुटबॉलपेक्षा रग्बीच्याच जवळचा होता, पण जर्मनीतल्या फुटबॉलची गोष्ट इथूनच सांगतात.

आता माझा मुद्दा. आज जर्मनी म्हटलं की फुटबॉल. पण रुंगेच्या तरुणपणी या खेळाला देशातले ‘खरे देशभक्त’ नाकं मुरडायचे. त्यांच्या लेखी राष्ट्रीय व्यायाम एकच, यान नावाच्या जर्मन व्यायामगुरूने १८११ मध्ये बर्लिनच्या मैदानावर सुरू केलेलं सामूहिक जिम्नॅस्टिक्स. घड्याळ लावून धावणं, विक्रम मोजणं, एकाने जिंकून बाकीच्यांनी हरणं, ही सगळी इंग्रजांची थेरं. १८९८ मध्ये स्टुटगार्टच्या कार्ल प्लांक नावाच्या व्यायामशिक्षकाने तर पुस्तिकाच काढली. फुटबॉल म्हणजे ‘इंग्रजी रोग’, आणि लाथ मारणारा माणूस माकडासारखा दिसतो म्हणे! बव्हेरियातल्या शाळांत तर हा खेळ १९१३ पर्यंत बंद होता. कॉखसारख्या माणसालाही खेळातले इंग्रजी शब्द काढून जर्मन शब्द बसवायची खटपट करावी लागली, नाहीतर कोण खेळू देणार?

गंमत म्हणजे या मंडळींनी आपल्यांनाही सोडलं नाही. १८९६ मध्ये काही जर्मन जिम्नॅस्ट आपल्याच संघटनेचा विरोध डावलून ऑलिम्पिकसाठी अथेन्सला गेले, सुवर्ण जिंकून आले, आणि संघटनेने त्यांच्यावरच बंदी घातली. त्यांतले आल्फ्रेड आणि गुस्ताव फ्लाटो हे चुलतभाऊ ज्यू होते. पुढे राष्ट्राच्याच नावाने नाझींनी दोघांना तेरेझिनच्या छळछावणीत नेलं. दोघेही तिथेच वारले. त्यांच्या पदकांचा तेव्हा काही उपयोग झाला नाही.

म्हणून मला ‘हा खेळ आपला नाही’ असं ठणकावून सांगणाऱ्यांचा फार कंटाळा येतो. आपलं काय, हे ठरवायची घाई त्यांनाच असते आणि खेळणारी पोरं तोवर खेळून मोकळी होतात. प्लांक आज आठवतो तो फक्त त्या माकडामुळे.

रुंगे १९४९ मध्ये वारला. पाच वर्षांनी, १९५४ मध्ये, पश्चिम जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला आणि अख्खा देश रस्त्यावर आला. १९६७ मध्ये त्याचा आइनट्राख्ट बुंडेसलीगाचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा, विजेता झाला. क्रिकेटचं काय झालं म्हणाल, तर ते नावातून केव्हाच गळून पडलं.