आईला काही सांगू नका

"डॉक्टर, आईला काही सांगू नका हं." मुलगी वॉर्डाच्या दारातच मला गाठते, आजींच्या खाटेपर्यंत पोहोचूच देत नाही. सिंगापुरात पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करण्याच्या कामात, हे इतक्यांदा ऐकलंय की माझ्या तोडक्यामोडक्या मँडरिनमध्येही एवढं एक वाक्य पक्कं पाठ आहे.

सुरुवातीला मी चिडायचे. पेशंटचा हक्क, ऑटोनॉमी वगैरे वगैरे. मग एकदा घाईत मुलीलाच दुभाषी करण्याचा गाढवपणा केला. मी इंग्रजीत 'कॅन्सर' म्हणाले, तिने आईला सांगितलं 'फा-यान'. म्हणजे दाह, सूज. (गंमत बघा, कॅन्सरच्या चिनी अक्षराचा उच्चारही पूर्वी 'यान'च होता. दोन्हींत घोळ होतो म्हणून तो बदलून 'आय' केला.) तेव्हापासून घरच्यांना दुभाषी करणं बंद.

राग मात्र टिकला नाही. कुठल्या तोंडाने रागवणार? बाबांच्या वेळी साताऱ्यात आम्हीही "साधी गाठ आहे" असंच सांगत होतो. फाइल उशीखाली दडवायला मीच सांगितलं होतं.

इथे आगाऊ वैद्यकीय निर्देशाचा, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याचा, कायदा 1996 पासून आहे. चीनमधल्या शेनझेनमध्ये 1 जानेवारी 2023 पासून असं इच्छापत्र डॉक्टरांनी मानायचं असतं. कागदाची अडचण नाहीच. पण ऐंशी वर्षांच्या बाईसमोर थेट फॉर्म सरकवणारे डॉक्टर बघितले की वाटतं, यांनी स्वतःच्या आईशी कधी हा विषय काढलाय का?

मी आता आधी एवढंच विचारते: "आहमा (म्हणजे आजी), तुमच्या तब्येतीचं तुम्हाला ऐकायचंय, की मी मुलाशी बोलू?" आणि हे मुलांच्या देखत, खुर्ची ओढून, घाई न करता. बऱ्याच जणी म्हणतात, मुलाशी बोला. माझ्या मते हासुद्धा पेशंटचाच निर्णय. तो पाश्चात्त्य पुस्तकातला नाही एवढंच.

आणि अंधारात कोण असतं हो? जिला सगळे जपत होते, त्या आजींनी अंत्यविधीत ठेवायचा स्वतःचा फोटो आणि शेवटचे कपडे कपाटात कुठे ठेवलेत ते सुनेला कधीच दाखवून ठेवलं होतं. चायनाटाउनमधल्या सेगो लेनवर पूर्वी मरणघरं होती, घरात मरण नको म्हणून लोक आपल्या माणसांना तिथे नेऊन ठेवत. 1961 मध्ये ती बंद झाली. आजींनी तो रस्ता स्वतः पाहिलेला. त्यांना काय शिकवणार?

खरं अडतं ते जेवणापाशी. त्यांचा मुलगा रोज थर्मासमधून पेज आणायचा. घास उतरत नव्हता, ठसका लागायचा, तरी चमचा पुढेच. आमचा ज्युनिअर त्याला म्हणाला, "खाऊन आयुष्य वाढणार नाही." वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. मुलाला ऐकू आलं, आईला उपाशी राहू दे. रिकाम्या पोटी गेलेलं माणूस भुकेलं भूत होऊन भटकतं, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. त्याच्या हातातला चमचा काढून घेणं म्हणजे त्याचं मुलगा असणंच काढून घेणं.

त्या नेहमी कुठला चहा प्यायच्या, ते मी विचारलं. थिएकुआनयिन. दुसऱ्या दिवशी त्याच थर्मासमधून तो आला. तोंड पुसायची स्पंजची काडी त्यात बुडवायची, घट्ट पिळायची आणि ओठांवरून, मग जिभेवरून हलकेच फिरवायची, हे नर्सने त्याला दाखवलं. आजींनी डोळे न उघडता ओठ चाटले. "कडक झालाय," म्हणाल्या.