मीठ बघितलं, साखर बघितली

परवाच्या १५ ऑगस्टला आमच्या झेडपी शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं आणि गुरुजी माइकवरून म्हणाले, "सीमेवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणारे आपल्या गावचे मेजर!"

आता मी काही मेजर नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागात फौजेतून रिटायर होऊन आलेला जो तो मेजरच असतो, शिपाई असो नाहीतर सुभेदार. मी आरमारात पेटी ऑफिसर होतो, खलाशांतला एक हुद्दा. सुरुवातीला लोकांना खरं सांगायचो. एकदा भजनी मंडळाचे बुवा घरी आले, म्हणाले, आमचा पेटीवाला आजारी आहे, एकादशीला तुम्ही बसता का? तेव्हापासून मेजर तर मेजर. आणि सीमा म्हणाल तर नोकरीच्या १५ वर्षांत एकदाही बघितली नाही. वाघा बॉर्डर बघितली ती नंतर, टूरच्या बसनं, हिच्याबरोबर, हातात पॉपकॉर्न घेऊन.

भाषणं झाल्यावर चौथीतल्या एका पोरानं उभं राहून विचारलं, "आजोबा, तुम्ही किती दुश्मन मारले?"

"एकही नाही."

"मग काय करत होता?"

"पाणी बघत होतो."

सगळी शाळा हसली. गुरुजींनी घाईघाईनं टाळ्या वाजवायला लावल्या आणि खाऊवाटप सुरू झालं. माझं उत्तर अर्धंच राहिलं. ते इथं पुरं करतो. लांबेल जरा, वेळ असेल तरच वाचा.

आमच्याकडे फौज म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे बेळगाव. अपशिंगे मिलिटरी हे फौजींचं गाव आमच्याच जिल्ह्यातलं. माझे आजोबा बेळगावला भरती झाले, चुलतेही तिकडेच. मी १९८६ मध्ये मुंबईला माथाडी चुलतभावाच्या खोलीवर राहून आरमाराची परीक्षा दिली आणि पास झालो. वडील म्हणाले, "तुला विहिरीच्या पलीकडं पाणी माहीत नाही." खरंच होतं. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्काला पहिलं ट्रेनिंग झालं, तिथं पोहायला लावलं तेव्हा कळलं की विहिरीत सूर मारणं वेगळं आणि पोहणं वेगळं. नंतर इंजिनचं शिक्षण आयएनएस शिवाजीला. हे शिवाजी कुठं आहे? लोणावळ्याला! डोंगरातला माणूस समुद्रावर जायला निघाला आणि परत घाटमाथ्यावर आला. आणि पुढं जहाज मिळालं ते लिअँडर नावाच्या वर्गातल्या युद्धनौकांपैकी. निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी, सहाच्या सहा नावं डोंगरांची. वडिलांना पत्रात लिहिलं, काळजी करू नका, मी डोंगरावरच आहे.

ही जहाजं माझगाव डॉकची आणि सगळी वाफेवर चालणारी. दोन बॉयलर, साडेपाचशे पौंडांची वाफ, त्यावर टर्बाइन. माझी जागा बॉयलर रूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली. उन्हाळ्यात आत पारा पन्नाशीच्या आसपास. चार-चार तासांचा वॉच असतो, त्यातला रात्री १२ ते ४ चा मिडल वॉच म्हणजे माणसाची परीक्षा. खिडकी नाही, वारा नाही, समुद्र नाही. होय, समुद्रही नाही. आरमारात राहून समुद्र न बघणारी आम्ही माणसं. तो फक्त पायांखाली जाणवतो.

तर पाणी. बॉयलरला एक काचेची नळी असते, गेज ग्लास. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी कमी पडलं की नळ्या तापून फुटतात, मग खाली उभ्या माणसांचं काय होतं ते लिहीत नाही. जास्त झालं की पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरतं आणि पाती मोडतात. जहाज डावी-उजवीकडं कलत असतं, काचेतलं पाणी वर-खाली नाचत असतं, आणि त्या नाचातून मधली खरी पातळी डोळ्यांनी धरायची. चार तास.

यातली खरी मेख शिकायला मला एक वर्ष लागलं. पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच सारखीच दिसते. दोन्हीत रेघ नसते. ऐन पावसाळ्यात, रत्नागिरीच्या बाहेर कुठंतरी, मिडल वॉचला माझ्या काचेतली रेघ गेली. पाणी वर गेलं की खाली गेलं? आमचे चीफ केरळचे होते. ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "फुंक." म्हणजे काचेचे कॉक ठरलेल्या क्रमानं बंद-उघड करून काच मोकळी करायची आणि बघायचं काय येतं. दहा-पंधरा सेकंदांचं काम, माझे हात मात्र थरथरत होते. पाणी आलं. म्हणजे भरली होती. फीड, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, कमी केला, रेघ परत खाली उतरली. चीफनी लॉगबुकात एक ओळ लिहिली आणि मला लिंबू सरबत प्यायला पाठवलं.

दुसरं काम मिठाचं. टर्बाइनमधून आलेली वाफ समुद्राच्या पाण्यानं थंड करून तिचं परत पाणी करतात आणि तेच बॉयलरला देतात. मधली एखादी नळी झिरपली की गोड्या पाण्यात खारं उतरतं आणि ते मीठ बॉयलरला खातं. म्हणून दर वॉचला टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. स्वच्छ राहिलं तर बरं. दुधाळ झालं तर धावाधाव.

१९९९ मध्ये टीव्हीवर कारगिल चालू होतं तेव्हा आम्ही उत्तर अरबी समुद्रात होतो. ऑपरेशन तलवार, आरमाराची त्या वेळची मोहीम. पूर्वेकडची जहाजंही इकडं आणली होती. वर काय चाललंय ते आम्हाला पाइपवर, म्हणजे जहाजाच्या लाउडस्पीकरवर, कळायचं तेवढंच. मी काच बघत होतो आणि मीठ बघत होतो. १९७१ च्या युद्धात दीवसमोर आपलं खुकरी जहाज बुडालं, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. जहाजाबरोबर गेलेल्या कॅप्टन मुल्लांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि असायलाच हवं. पण खाली काम करणाऱ्याला शिडी चढून वर यायला किती वेळ लागतो, हे आमच्यापैकी प्रत्येकानं मनात मोजून ठेवलेलं असायचं. त्यावर कुणी बोलत नसे.

घरचं थोडक्यात. पत्ता एकच, फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. पोरगी झाल्याचं पत्र मला अकराव्या दिवशी मिळालं, बारशाची तयारी झाल्यावर. हिनं शेत, सासू-सासरे आणि दोन पोरं सांभाळली. तिला कुणी शाल दिली नाही. ती म्हणते द्या आता, गुडघ्यावर घ्यायला होईल.

२००१ मध्ये १५ वर्षं पुरी झाली. पेन्शन बसली. वय ३३. मानखुर्दच्या चीता कॅम्पातल्या ब्यूरो ऑफ सेलर्समधून, म्हणजे खलाशांच्या नोंदींच्या कचेरीतून, कागद आले आणि मी गावी आलो. आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते सांगतो.

माजी सैनिक म्हटलं की आपल्याकडं एकच नोकरी सुचते, सिक्युरिटी. बँकेत बंदूक घेऊन बसा, सोसायटीच्या गेटवर रजिस्टर लिहा. त्या कामाला मी कमी लेखत नाही, सहा महिने मी तेच केलं, पुण्यात, एका मॉलच्या पार्किंगमध्ये. पण मी आयुष्यात रायफल चालवली ती वर्षातून एकदा, सराव म्हणून. मला येत होतं बॉयलर. ते कुणी विचारलंच नाही. एजन्सीच्या साहेबानं उंची विचारली, मिशी ठेवणार का विचारलं.

मग म्हटलं आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, प्रत्येकाला बॉयलर आहे, तिकडं जाऊ. गेलो. "बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट?" नव्हतं. ते मिळवायला संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी माझी आरमाराची वॉचकीपिंगची कागदपत्रं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "या बॉयलरचा रजिस्ट्रेशन नंबर काय?" आता युद्धनौकेच्या बॉयलरला राज्याचा नंबर कुठून असणार? बॉयलरचा कायदा तेव्हा १९२३ चा होता, आणि त्यात सेनादलांचे बॉयलर मुळातच वगळलेले होते. म्हणजे कायद्याच्या नजरेत मी ज्या बॉयलरवर उभा होतो तो नव्हताच. साहेबांचं चुकलं असं नाही, त्यांच्या फॉर्मात रकाना नव्हता.

आणि गंमत बघा. १५ वर्षांची सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला सरकारी नोकरीसाठी पदवीधरासमान धरतात. कशातला पदवीधर ते विचारू नका. महाराष्ट्रात आम्हाला १५ टक्के आरक्षण आहे, नाही म्हणत नाही. म्हणजे कागदावर मी तहसील कचेरीत टिपणी लिहू शकतो, जे मला येत नाही. बॉयलर चालवू शकत नाही, जे मला येतं.

शेवटी एका कारखान्यात फायरमनचा मदतनीस म्हणून लागलो. वय ३४, आणि मला "ए, भुसा ओढ" म्हणणारा पोरगा २२ चा. दोन सीझन बगॅस, म्हणजे उसाचा भुसा, ओढला, परीक्षा दिली, तोंडीला एका साहेबांनी विचारलं, "काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल?" मी म्हटलं, "फुंकतो." ते हसले. पास झालो.

पुढची वीसेक वर्षं त्याच बॉयलर हाउसमध्ये गेली. ४५ किलो दाबाचा बॉयलर, म्हणजे जहाजापेक्षा दाब थोडा जास्तच. दसऱ्याच्या सुमाराला अग्निप्रदीपन, म्हणजे बॉयलर पेटवणं, मग गळीत हंगाम, भोंगा, तीन शिफ्टा, मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, की सामसूम. कलणं-डुलणं नाही एवढाच फरक. रसाची वाफ गार होऊन जे पाणी बनतं ते इथंही बॉयलरला देतात, आणि एखादी नळी फुटली की त्यात रस उतरतो. म्हणून इथंही टेस्ट ट्यूब, फक्त औषध वेगळं. अल्फा नॅप्थॉलचे थेंब टाकायचे, कडेनं सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं. जांभळी कडी उठली की समजायचं साखर आली. साखर बॉयलरला मिठाइतकीच वाईट, पाणी आंबट होतं आणि फेसाळतं. मी १५ वर्षं मीठ शोधलं आणि २० वर्षं साखर शोधली. डॉक्टरला हे सांगितलं तर म्हणाले, आता स्वतःच्या रक्तात शोधा. बीपी आणि शुगर, दोन्ही आहेत.

कारखान्याची नोकरी गोडच होती असंही नाही. एका वर्षी सात महिने पगार थकला. आरमाराची पेन्शन नसती तर त्या वर्षी पोरीचं शिक्षण थांबलं असतं. म्हणून वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सेवेला सारख्या पेन्शनसाठी, जंतरमंतरवर बसलेल्या म्हाताऱ्यांना जे नावं ठेवत होते त्यांच्याशी माझं तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये नवी विमानवाहू नौका विक्रांत आली, आरमाराच्या निशाणावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. छाती फुगली, खोटं कशाला सांगू. सगळ्यांनी डीपी बदलले. त्याच वर्षाच्या शेवटी चिल्क्याला अग्निवीरांची पहिली तुकडी दाखल झाली. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीसपर्यंत ठेवणार, बाकीचे घरी. योजना चांगली की वाईट यावर इथं रोज मारामाऱ्या होतात, मी त्यात पडत नाही. माझं म्हणणं छोटं आहे. मला पेन्शन होती, म्हणून दोन सीझन भुसा ओढणं परवडलं. या पोरांना पेन्शन नाही. त्यांच्या हातात चार वर्षांत जे काम येईल तेच त्यांचं भांडवल. त्यातलं कुणी गॅस टर्बाइनवर असेल, कुणी जनरेटरवर, कुणी एसी प्लँटवर. विक्रमादित्य या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर तर अजून आठ बॉयलर आहेत, म्हणजे माझ्यासारखे स्टोकर, बॉयलरवालेही असतील. त्यांच्या कामाचा कागद बाहेरच्या फॉर्मात बसेल असा आतच तयार करून द्या. ते जमत नसेल तर बाहेरच्या फॉर्मात एक रकाना वाढवा. शाली कमी दिल्या तरी चालेल, माझ्याकडं अकरा साठल्यात.

आमच्या आळीतला एक पोरगा सध्या जहाजावर आहे, इंजिनवर. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याला बसवून एक नमुना लिहून दिला. मशीन कुठलं, क्षमता किती, दाब किती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, वॉच स्वतंत्र केला की हाताखाली, खाली अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. दर बदलीला हे घेऊनच जहाज सोड, म्हटलं, नंतर कुणी देत नाही. ज्यांची मुलं आरमारात आहेत त्यांनी सांगा, व्हॉट्सॲपवर पाठवतो. मेसेंजरवर मागू नका, ते मला अजून सापडत नाही.

आणि चौथीतल्या त्या पोराचे आई-वडील हे वाचत असतील तर त्याला रविवारी घरी पाठवा. कारखान्यातून येताना एक जुनी गेज ग्लास आणलीय, दाखवतो.