समुद्री टाकीतलं शेवाळ आणि ‘शून्यावर आणा’चा सल्ला

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ माजलं की एक सल्ला हमखास हातात पडतो. शेवाळ म्हणजे पाणी घाण. तीन दिवस दिवे बंद ठेवा, निम्मं पाणी बदला, शेवाळ खाणारे जीव सोडा, नायट्रेट आणि फॉस्फेट (माशांच्या खाण्यातून पाण्यात साठणारं शेवाळाचं खाद्य) शून्यावर आणा, टाकी कायमची स्वच्छ. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धवट खरं आहे, म्हणून तर ते खपतं.

शेवाळ म्हणजे पाणी घाण? आधी कुठलं शेवाळ ते तरी बघा. नव्या टाकीत वाळूवर बसणारा तपकिरी थर बहुतेकदा डायटमचा असतो. तो सिलिकेटवर वाढतो आणि सहसा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. लालसर, बुळबुळीत चादर म्हणजे सायनो, अर्थात सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नाहीच, जिवाणू आहेत. हिरवं केसाळ शेवाळ निराळं आणि पिसासारखं दिसणारं चिवट ब्रायोप्सिस आणखी निराळं. सगळ्यांना एकच औषध कसं चालेल?

तीन दिवसांच्या अंधाराने सायनो मागे हटतं, पण कारण तसंच राहिलं तर परत येतं. केसाळ शेवाळ तर तेवढ्याने सहसा मरतही नाही. जे मरतं ते तिथेच कुजतं, साठवलेलं नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात सोडतं आणि ऑक्सिजन खातं. अंधार करायचाच असेल तर स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण कपात काढणारं यंत्र) आणि हवेचा पंप चालू हवा.

पाणी बदलण्याचा हिशोब साधा आहे. समजा माशांच्या खाण्यातून दर आठवड्याला ८ पीपीएम (दहा लाखांत ८ भाग) नायट्रेट वाढतं आणि तुम्ही दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलता. मग आकडा बदलाआधी ४० आणि बदलानंतर ३२ यांच्यात अडकून बसतो. कितीही महिने करा. एकदा निम्मं पाणी बदललंत तरी पुढे रोजचं तेच असेल तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा तिथेच. फॉस्फेट तर खडकात मुरलेलं असतं आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू बाहेर येतं. त्यात नळाचं पाणी वापरलंत तर सिलिकेट आणि फॉस्फेट तुम्हीच ओतत असता. शून्याची हौस असेल तर ती आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेल्या पाण्याच्या टीडीएसवर, म्हणजे त्यात विरघळलेल्या घटकांच्या आकड्यावर, भागवा.

शेवाळ खाणारे जीव उपयोगी आहेत, वाद नाही. पण टर्बो गोगलगायीने खाल्लेलं शेवाळ विष्ठा होऊन त्याच पाण्यात राहतं. शेवाळ टाकीच्या बाहेर गेलं तरच काही कमी होतं. म्हणून मला टूथब्रश आणि सायफनची नळी जास्त भरवशाची वाटते: खरवडा, ओढा, फेका. स्किमरचा कप रिकामा करणं आणि सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) कीटोमॉर्फा हे शेवाळ मुद्दाम वाढवून नियमित कापून टाकणं, हीदेखील तीच युक्ती. छोट्या टाकीत शेवाळ खाणारा टँग मासा सोडायला सांगणाऱ्यांचं तर ऐकूच नका. पिवळा टँगसुद्धा २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

सगळ्यात घातक भाग ‘शून्यावर आणा’ हा. टेस्ट किट पाण्यात उरलेलं मोजतं, शेवाळाने शोषलेलं नाही. त्यामुळे टाकी हिरवीगार आणि फॉस्फेट शून्य हे दृश्य अगदी नेहमीचं आहे. ते बघून लोक खाणं आणखी तोडतात, फॉस्फेट शोषणारं लोहयुक्त माध्यम दुपटीने भरतात. प्रवाळाच्या (कोरलच्या) पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो; तो एकदम तुटला की कोरल फिकट पडतात. आणि रिकाम्या झालेल्या जागेवर डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव) येतात, बुडबुडे धरून ठेवणारे तपकिरी चिकट धागे. त्यातल्या ऑस्ट्रिओप्सिसचं विष गोगलगायींचा जीव घेऊ शकतं. म्हणजे केसाळ शेवाळ परवडलं म्हणायची पाळी. कोरलच्या टाकीत साधारण ५ ते १० पीपीएम नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ पीपीएम फॉस्फेट बहुतेकांना पुरतं. नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या रेडफिल्ड नावाच्या १६:१ गुणोत्तरासाठीही जिवाचा आटापिटा नको. ते समुद्रातल्या प्लवकांच्या घटनेची सरासरी आहे, टाकीचं मापक नव्हे.

या सल्ल्याच्या शेपटीला काहीजण ‘नाहीतर तांबं असलेलं शेवाळनाशक घाला’ असंही जोडतात. टाकीत कोरल, कोळंबी किंवा गोगलगाय असेल तर ती बाटली उघडू नका. तांब्याने ते मरतात, आणि खडकात-वाळूत बसलेलं तांबं नंतर सोडलेल्या जिवांनाही भोवू शकतं.